घरांतला डाव

सायंकाळीं आठच्या सुमारास हार्बर मार्गावरची गाडी खारघर स्थानकांत येऊन थांबते आणि मुंबईच्या कचेऱ्यांतून परतणारा लोंढा स्थानकाबाहेरच्या रिक्षांकडे वळतो. त्या लोंढ्यांतला एखादा गृहस्थ दृष्टीपुढें आणावा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून तासाभराहून अधिक वेळ त्यानें बहुतेक उभ्यानेंच काढलेला असतो. तो आपल्या सेक्टरांत येतो, लिफ्टनें सातव्या मजल्यावर जातो आणि स्वतःच्याच किल्लीनें दार उघडतो. दार उघडावयास कोणी येण्याचें कारणच उरलेलें नसतें. आंत पाहावें तों दहावीची मुलगी खोलीचें दार लोटून अभ्यासास बसलेली, सात वर्षांचा मुलगा कोचाच्या कोपऱ्यांत मोबाइलवर ओणवलेला, बेलापूरच्या कचेरींतून तासाभरापूर्वीं आलेली गृहिणी स्वयंपाकघरांत, आणि वृद्ध आजोबा दूरचित्रवाणीपुढें. आजोबांचे डोळे पडद्यावर असतात, परंतु लक्ष तिकडे असेलच असें नाहीं. घरांत भांडण नाहीं, टंचाई नाहीं, आजार नाहीं. तरीहि त्या रात्रीं पांच माणसांत मिळून पन्नास वाक्यें बोललीं गेलीं तर पुष्कळ झालीं, आणि त्यांतलीं निम्मीं पाणी, दूध व गॅस यांविषयींचीं.

हें चित्र कोणा एका घराचें नव्हे. ज्यांना तें ओळखीचें वाटेल त्यांच्यासाठींच आजचा विषय आहे. आठवड्यांतून एक रात्र, दीड तास, घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसून खेळावें, आणि हा नेम एखाद्या व्रतासारखा पाळावा, एवढीच सूचना आहे. ऐकतांना ती क्षुल्लक वाटते. अमलांत आणूं लागलें म्हणजे मात्र तिचें वजन कळतें.

सिडको ही संस्था १९७० सालीं स्थापन झाली आणि तिनें नवी मुंबईची आंखणी केली. त्यापूर्वीं आजच्या खारघरच्या जागीं भातशेतीचा मुलूख होता, आणि बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे हीं त्यांतलीं गांवें. कोंकणांतल्या कोणत्याहि गांवाप्रमाणें तेथेंहि घराला ओटी होती, पडवी होती, अंगण होतें. ओटीवर पट मांडला कीं येणारा-जाणारा थबकत असे, म्हातारा दान सुचवीत असे, पोर मधेंच सोंगटी पळवीत असे. खेळासाठीं कोणी वार नेमून ठेवीत नसे, कारण घराची रचनाच माणसांना एकत्र आणीत असे. सदनिकेच्या रचनेंत प्रत्येक खोलीला दार आहे आणि प्रत्येक दाराला आंतून कडी आहे. जें काम ओटी करीत होती, तें आतां एखाद्या वाराकडूनच करून घ्यावें लागेल.

वार नेमण्याची ही कल्पना परकी आहे, असेंहि कोणी समजूं नये. आपल्या पंचांगांत खेळाच्या रात्री पूर्वींपासून नेमून दिलेल्या आहेत. आश्विनी पौर्णिमेला, म्हणजे कोजागिरीला, जागरण करावें आणि तें फांशांच्या खेळांत घालवावें असें धर्मग्रंथांनींच सांगितलें आहे. हल्लीं त्यांतलें आटीव दूध तेवढें शिल्लक राहिलें. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेंहि म्हणतात, आणि त्या दिवशीं पार्वतीनें शंकराला फांशांच्या खेळांत हरविलें अशी पुराणकथा आहे. श्रावणांतल्या मंगळागौरीचें जागरण म्हणजे तर स्त्रियांची हक्काची खेळाची रात्र. ज्या काळीं सुनेला सासरीं मोठ्यानें हसण्याची चोरी होती, त्या काळींहि त्या एका रात्रीं झिम्मा-फुगडीला कोणी आडकाठी घेत नसे. खेळाला एकदां नेमाचें पाठबळ मिळालें कीं घरांतला वडीलधारा माणूसहि त्यावर सहसा आक्षेप घेऊं शकत नाहीं, हें मर्म पूर्वजांना ठाऊक होतें.

आतां पहिल्या शनिवारीं काय होतें तें पाहावें. बहुधा फजितीच होते. बाजारांतून मोठ्या हौसेनें 'व्यापार' आणलेला असतो. या खेळाचें मूळ मोठें मौजेचें आहे. एलिझाबेथ मॅगी नांवाच्या अमेरिकन स्त्रीनें १९०४ सालीं या धर्तीच्या एका खेळाचें पेटंट मिळविलें. जमीनदारीनें थोडे कसे गबर होतात आणि बाकीचे कसे नागवले जातात, हें लोकांना दाखवावें असा तिचा उद्देश होता. पुढें १९३५ पासून त्याचेंच 'मोनॉपली' हें रूप धडाक्यानें खपूं लागलें आणि उपदेश बाजूला पडून नुसतें गबर होणें तेवढें राहिलें. तोच खेळ देशी वेष घेऊन खारघरच्या दिवाणखान्यांत मांडला जातो, जेथें जागांच्या भावांवांचून जेवणाच्या वेळीं दुसरा विषय तसाहि निघत नाहीं! पण त्याचा खरा दोष निराळाच आहे. त्यांत जो आधीं बुडतो तो खेळांतून बाद होतो, आणि आधीं बुडतो तो बहुधा घरांतला सर्वांत धाकटा. सव्वानऊला मुलगा दिवाळखोर होऊन रडत निजावयास जातो, साडेनऊला मुलीला उद्यांच्या चांचणी परीक्षेची आठवण होते, आणि बाप एकटाच मुंबईपासून कलकत्त्यापर्यंतच्या जागांचा मालक होऊन बसतो. आजोबा केव्हांच पुन्हां दूरचित्रवाणीकडे वळलेले असतात.

आणि गृहिणी? ती त्या सबंध दीड तासांत एकदांहि धड बसलेली नसते. भजीं, चहा, पुन्हां चहा, मग पसारा. ज्या रात्रीं चौघे खेळतात आणि एकटी राबते, तिला कुटुंबाची खेळाची रात्र म्हणणें हें शुद्ध ढोंग आहे. त्यापेक्षां दूरचित्रवाणी बरी. तिच्यापुढें ती निदान भाजी निवडीत बसते तरी.

म्हणून खेळ असा निवडावा, कीं त्यांत शेवटपर्यंत कोणी बाहेर फेंकला जात नाहीं, एक डाव दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो आणि हरलेल्याला लगेच दुसऱ्या डावाची आशा राहते. या कसोटीला साधी पत्त्यांची जोडी जितकी उतरते तितकें दुसरें कांहींच नाहीं. पट आणि कवड्या उत्तमच. परंतु ९६ घरांवरून १६ सोंगट्या फिरून पिकावयाच्या म्हणजे रात्र अपुरी पडते. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घरांत असली तर ती एकदां तरी सर्वांपुढें मांडावी. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकांत राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंत पानें, अशीं १२० गोल, हातांनीं रंगविलेलीं पानें असतात. दिवसा खेळ असला तर रामाचा राजा ज्याच्या हातीं तो सुरुवात करतो आणि रात्रीं असला तर कृष्णाचा. ही कला मरणपंथाला लागली असतां विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनीं सावंतवाडीच्या राजवाड्यांत तिला पुन्हां उभें केलें. पण ती शिकावयास सोपी नाहीं, आणि एवढ्या मोलाच्या पानांवर चहा सांडण्याची धास्ती निराळीच! दर शनिवारच्या राबत्याला ५२ पानांची जोडीच बरी.

चौघांनीं मेंढीकोट खेळावें. समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला तेरा पानें, आणि सारी धडपड चार दश्श्यांसाठीं. एक्का-राजाचा मोठेपणा दश्शी पकडण्यापुरताच असतो. घरांत पांच माणसें असलीं म्हणजे एक जण उरतो. अडचणीवाणी दिसणारी ही गोष्टच वास्तविक मोठ्या सोयीची आहे. जो उरला त्यानें त्या डावापुरतें स्वयंपाकघर सांभाळावें, आणि हें उरणें प्रत्येक डावाला पुढच्या माणसाकडे जावें. बापानें केलेला चहा फुळकवणी होईल, मुलीच्या चिवड्यांत मीठ दोनदां पडेल. पडूं द्यावें. आईला तेरा पानें हातीं धरून निवांत बसलेली पाहणें, हाच त्या घरांतल्या मुलांना एक नवा अनुभव असतो. ती खेळते कशी, डावांत लबाडी पकडते कशी, हेंहि त्यांना त्याच रात्रीं कळतें.

मोबाइल एका टोपलींत ठेवावे आणि टोपली कपाटांत ठेवावी. तींत पहिला मोबाइल बापाचा पडला पाहिजे, नाहींतर ती मांडूंच नये.

धाकट्याचें काय करावें, हा यापुढचा प्रश्न. मराठी मुलांनीं त्यासाठीं एक अप्रतिम तोड काढून ठेवली आहे: लिंबूटिंबू. लिंबूटिंबू खेळांत असतो, धावतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाहीं. सात वर्षांच्या मुलाला मेंढीकोटांत आजोबांच्या मांडीला टेकून बसवावें. पान आजोबांनीं ठरवावें आणि त्यानें टाकावें. पानें टाकतां टाकतां त्याला हुकूम म्हणजे काय, उतारी म्हणजे काय, तें कळूं लागतें. मग एके दिवशीं तो स्वतःच म्हणतो, "मला लिंबूटिंबू नको. मला खरं घ्या." हा दिवस कोणीं उत्सवाचा मानीत नाहीं, पण मुलाच्या आयुष्यांत तो लहान नव्हे, कारण तेथून पुढें तो हरूं शकतो.

आणि येथेंच बहुतेक पालक चुकतात. खऱ्या भिडूंत घेतलेल्या मुलाला मुद्दाम जिंकूं देतात. मूल एक-दोनदां फसतें. तिसऱ्यांदां त्याच्या ध्यानांत येतें, आणि मग त्याला जिंकलेल्या डावाचीहि गोडी राहत नाहीं आणि बापाच्या शब्दाचीहि. लिंबूटिंबूला सवलत द्यावी ती सर्वांच्या देखत, बोलून, ठरवून. चोरून दिलेली सवलत म्हणजे खोटें बोलणेंच. याच्या उलट चूक करणारेहि बाप आहेत. दिवसभर साहेबाचें ऐकून आलेल्या या गृहस्थाला निदान घरीं तरी हार नको असते. मुलीनें दश्शी मारली कीं त्याचा आवाज चढतो. "तें पान नीट पडलेंच नव्हतें," असा वाद तो घालतो. ज्या अपराधासाठीं मुलाला 'रडीचा डाव' म्हणून हिणवलें, तोच अपराध स्वतः करतांना त्याला मुलें पाहत असतात. कुटुंबांत आठवडाभर नियम मोठ्यांचे असतात आणि पाळावयाचे धाकट्यांनीं. एकाच नियमानें सारे बांधलेले आहेत अशी घटका त्या घरांत ही एवढीच. ती बापानें नासली तर मुलीनें दारामागेंच राहावें हें उत्तम.

खारघरच्या डोंगरांतला धबधबा पांडवकडा या नांवानें ओळखला जातो. पावसाळ्यांत तेथें जावयास धोक्यामुळें बहुधा मनाई असते आणि त्या पावसाळी सुट्यांतच घरीं पत्ते निघतात. ज्यांचें नांव त्या कड्याला मिळालें आहे, त्यांचा सर्वनाशहि एका घरगुती खेळांतच झाला, ही आठवण येथें ठेवण्याजोगी आहे. हस्तिनापुरच्या सभेंत खेळावयास बसलेले लोक परके नव्हते, चुलतभाऊ होते. वडीलधारी मंडळीहि जवळच बसली होती. एक आंधळा राजा जिंकलें काय, जिंकलें काय, एवढेंच विचारीत राहिला आणि बाकीच्यांनीं माना खालीं घातल्या. म्हणून घरच्या डावांत पैसा लावूं नये; चार आणेहि नकोत, गंमतीखातरहि नकोत. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांपायीं इतकीं घरें बुडालीं, कीं संसदेला २०२५ च्या ऑगस्टमध्यें त्यांवर बंदीचा कायदा करावा लागला. हातांतल्या मोबाइलवर जुगार आणि समोरच्या सतरंजीवर पत्ते, यांत मूल फरक शिकेल तें पाहूनच शिकेल.

हस्तिनापुरचा डाव ज्यांच्या मनावर बसला आहे त्यांनीं वेरूळचाहि एकदां पाहावा. तेथील रामेश्वर लेण्यांत आणि धुमार लेण्यांत शिवपार्वती द्यूत खेळत असल्याचीं शिल्पें आहेत. रामेश्वरांतल्या शिल्पांत खालच्या बाजूला गण नंदीची खोडी काढीत आहेत. वर आईबाप खेळांत रमलेले आणि खालीं घरांतल्या धाकट्यांचा धिंगाणा, असें तें अगदीं संसारी चित्र आहे. जगाचा संहार करणारा देव बायकोपुढें डाव हरतो आणि कैलासाला कांहीं होत नाहीं!

खेळांतून मुलें पुढें मोठीं खेळाडू व्हावींत, अशी आशा कोणी धरील तर तिलाहि महाराष्ट्रांत दाखला आहे. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही मुली बुद्धिबळांत पुढें आल्या. स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ सालीं वासंतीनें जिंकली, आणि त्यानंतर कित्येक वर्षें तो किताब या तीन बहिणींतच फिरत राहिला. जयश्री १९७९ सालीं आंतरराष्ट्रीय महिला मास्टर झाली, आणि रोहिणीनें १९८१ सालीं आशियाई अजिंक्यपद मिळविलें. तीन बहिणींना सरावासाठीं तोलामोलाचा प्रतिस्पर्धी शोधावयास घराबाहेर जावें लागत नव्हतें, हें केवढें भाग्य! परंतु शनिवारच्या डावाकडे या नजरेनें पाहूं नये. पदकाची अपेक्षा आली कीं तोहि एक शिकवणीचा वर्ग होतो, आणि शिकवण्यांची खारघरांत वाण नाहीं.

या डावांत खरी कसोटी लागते ती निराळ्याच ठिकाणीं. वर्ष-दीड वर्ष नेम चालतो. आजोबांना रंग चढलेला असतो. कोणती दश्शी गेली, कोणाच्या हातीं इस्पिकचा राजा अडकला आहे, हें त्यांना तोंडपाठ असतें, आणि शनिवारीं दुपारपासूनच ते चष्मा पुसून ठेवूं लागतात. मग एका रात्रीं हातांत किलवर असतांना ते हुकूम मारतात. दोन डावांनंतर पुन्हां तसेंच होतें. हुकूम कोणता, हें ते तिसऱ्यांदां विचारतात. मुलीच्या लक्षांत येतें. नियमाप्रमाणें तिनें तें उघड करावयास हवें. केलें तर आजोबांचा अपमान, न केलें तर खोटेपणा; आणि मघांच तर सर्वांना एकच नियम असें ठरलेलें. पंधरा वर्षांच्या मुलीपुढें असा प्रश्न शाळेच्या कोणत्याहि परीक्षेंत येत नाहीं.

ज्या घरीं खेळाची मुळें खोल गेलेलीं असतात तेथें ती मुलगी पुढच्या शनिवारीं पत्ते पिसतांना सहज म्हणते, "आज बदाम सात खेळूं या." बदाम सातांत सर्व पानें उघडीं. सत्तीच्या वर अठ्ठी, खालीं छक्की. कोणतें पान पडलें हें लक्षांत ठेवावें लागत नाहीं, तें समोर सतरंजीवरच दिसतें. ज्याची स्मृति उणावत चालली त्याला या खेळांत कोणी पकडीत नाहीं आणि कोणी सांभाळून घेत आहे असेंहि वाटत नाहीं. वर्षानुवर्षांची अक्कल मात्र तेथेंहि कामास येते. छक्की दाबून धरून चौघांना अडविण्यांत म्हातारा अजून कोणाला ऐकत नाहीं! नियम मोडला गेला नाहीं आणि माणूसहि मोडला गेला नाहीं. मेंढीकोट कां बंद झालें, हें कोणी विचारीत नाहीं. कदाचित् आजोबांनाच तें सर्वांआधीं कळलेलें असतें. कारण पुढें कांहीं महिन्यांनीं तेच हंसून म्हणतात, "आतां मला लिंबूटिंबू घ्या." त्यावर एव्हांना नऊ वर्षांचा झालेला मुलगा आपली जागा सोडून त्यांच्या शेजारीं सरकून बसतो आणि म्हणतो, "लिंबूटिंबू नाहीं. आजोबा, तुम्ही नि मी मिळून एक. पान मी धरतो, तुम्ही सांगा."

मग माणसें कमी होऊं लागतात, आणि पत्त्यांनीं त्याचीहि व्यवस्था करून ठेवलेली आहे. मुलगी शिकावयास पुण्याला जाते, आजोबांची जागा रिकामी होते, आणि सतरंजीवर तिघेच उरतात. तिघांसाठीं पांच-तीन-दोन आहे. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचीं पानें आणि दोन सत्त्या बाजूला काढून उरलेल्या ३० पानांचा हा खेळ. ज्याच्यावर पांच हात करण्याचा बोजा, त्यालाच हुकूम बोलण्याचा अधिकार. आणि बोजा दर डावाला फिरता. कोणाचे हात कमी पडले तर पुढच्या डावांत त्याच्या पानांतून ओढून ती फेड होते. आणखी कांहीं वर्षांनीं मुलगाहि जातो. हार्बरच्या गाडीनें परतणाऱ्या त्या गृहस्थाचे केस आतां पिकलेले असतात. शनिवारीं साडेआठला दोघेंच समोरासमोर बसतात आणि सात-आठ मांडतात. तींच ३० पानें, प्रत्येकाला पंधरा.

बाजूला काढलेलीं २२ पानें रबर लावून बिस्किटांच्या जुन्या डब्यांत ठेवलेलीं असतात. खारघरच्या पावसाळी हवेंत तीं एकमेकांना चिकटतात. दिवाळीला मुलें घरीं यावयाचीं असलीं म्हणजे आदल्या शनिवारीं डबा खालीं काढला जातो. गृहिणी एकेक पान सोडवून पदरानें पुसते आणि तो मोठ्यानें मोजतो. एकवीसच भरतात. पुन्हां मोजतांना किलवरची तिर्री डब्याच्या तळाशीं चिकटलेली सांपडते.